शिरगणती

माझं वय सेहेचाळीस. आमच्या सोसायटीतली पोरं गेली दहा वर्षं मला काका म्हणतात, आणि परवा एका चिमुरडीनं आजोबा म्हणून पाहिलं. येडगावच्या उन्हाळी शिबिरात मात्र मी दादा होतो. नियमच तसा. बाई असेल तर ताई, पुरुष असेल तर दादा, मग जिना चढताना त्याचे गुडघे भाजक्या शेंगांसारखे वाजोत.

शिबिर घेणारा मित्र म्हणाला होता, "काही नाही रे, पोरांना जरा सह्याद्री दाखवायचा." साफ खोटं. शिबिरातल्या दादाला एकच काम असतं, मोजायचं. आमची बेचाळीस मुलं होती. उठल्यावर बेचाळीस, दुधाला बेचाळीस, गाडीत चढताना बेचाळीस, उतरल्यावर पुन्हा बेचाळीस. मधे वेळ उरला तर सह्याद्री.

मुक्काम धरणाच्या फुगवट्याकाठी एका आमराईत होता. छापील कार्यक्रमात तिसऱ्या दिवशी 'नौकाविहार' होता. कार्यक्रम छापणाऱ्याला कुकडीचं आवर्तन ठाऊक नसावं. येडगावचं पाणी डाव्या कालव्यानं पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, पार करमाळ्यापर्यंत जातं, आणि मे महिन्यात तिकडची माणसं त्याची वाट बघत बसलेली असतात. आम्ही आलो आणि आवर्तन सुटलं. पाणी रोज मागं सरकायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दोन्ही नावा गाळात कलंडलेल्या, आणि खरा काठ लांब, चपला काढून जावं लागेल इतका लांब. मुलांनी नावेपर्यंत जाऊन विहार केलाच. परत आली ती गुडघ्यापर्यंत एकाच रंगाची. मी कार्यक्रमपत्रिकेत 'नौकाविहार' खोडून 'गाळाचा अभ्यास' असं लिहिलं आणि फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकले. पाच मिनिटांत पहिला निरोप आला, "दादा, आमच्या बाळानं मोजे का नाही घातलेत?"

त्याच ग्रुपवर रात्री जेवणाचा फलक गेला. मासवडी. एका आईचा तिसऱ्या मिनिटाला फोन, "आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत हो!" बेसनाच्या पोटात तीळ, खोबरं आणि लसूण असतो, मासा फक्त नावात, हे मी त्यांना सांगितलं. "मग असं नाव का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इकडे त्यांच्या कन्येनं चौथी वडी रश्श्यात बुडवली होती.

स्वयंपाकाच्या मावशींनी पहिल्याच रात्री पोरांना दम भरला होता, "एकट्यानं भाईर पडायचं न्हाई. उसात वाघ हाय." आमच्यातला एक चष्मेवाला लगेच म्हणाला, "मावशी, तो वाघ नाही, बिबट्या. माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे." मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बरं. भेटला की त्यालाच सांग, तू वाघ न्हाईस म्हणून."

चष्मेवाला त्या रात्री दोनदा उठला. जुन्नरच्या पट्ट्यात अंधारात एकट्यानं फिरू नये, चार जणांनी मिळून, बॅटरी घेऊन, आवाज करत जावं, हे लहान पोरालाही कळतं. त्यामुळे एकाला लागली की पाच जण उठवायचे, आणि पाच उठले की सहाव्याला आपसूक लागायची. मग पुढे काठी घेऊन मी, मागे रांग, आणि आवाज हवा म्हणून पाढे. आसपासच्या उसात खरंच कोणी राहत असेल तर त्याला एव्हाना तेराचा पाढा पाठ झाला असेल. मला अजून तेर सत्ते अडतो.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला परवानगी काढून गेलो. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या तीस अँटेना, एकेक 45 मीटर व्यासाची. काही जवळजवळ, काही एकमेकींपासून पार 25 किलोमीटरवर. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण की खिशातला मोबाइलसुद्धा तिथे गोंगाट ठरतो, म्हणून फोन बंद. तीन तास ग्रुपवर मोज्यांचा विषय नाही! विज्ञानाबद्दल इतकं प्रेम मला शाळेतही वाटलं नव्हतं. "दादा, यात आयपीएल दिसतं का?" असं एकानं विचारलं, तेही मी हसून घेतलं.

आता शिवनेरी.

या गडाला सात दरवाजे आहेत. शत्रूला अडवायला बांधले, असं इतिहास सांगतो. पोरं घेऊन चढलेल्या माणसाला खरं कारण कळतं. इतकी सोयीची मोजणी महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही. महादरवाजात मी आडवा उभा राहिलो आणि एकेकाच्या टोपीवर टपली मारत आत सोडलं. बेचाळीस. दुसऱ्या दरवाजाला त्रेचाळीस. कोणाला तरी दोनदा टपली बसली असणार. तिसऱ्याला त्रेचाळीस. चौथ्याला मी चष्मेवाल्याला मोजायला लावलं. त्रेचाळीस.

मूल कमी भरलं तर काय करायचं, हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. शिट्टी, शोध, फोन. जास्त भरलं तर काय, हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगतो, एक मूल जास्त भरलं की जी धडकी भरते ती वेगळीच. कोणाचं तरी बेचाळीसातलं एक आपण उचलून आणलंय!

शिपाई दरवाजा ओलांडून शिवाईच्या देवळाकडे वळलो. तिथे सगळ्यांना ओळीनं बसवलं आणि आकडे म्हणायला लावले. एक, दोन, तीन. शेवटी ठणठणीत आवाज आला, "त्रेचाळीस!" निळी बनियन, पायात काही नाही.

"तू कोण रे?"

"म्या येडगावचा, काका."

काका! आमचा नव्हे, हे तिथेच सिद्ध झालं.

"गाडीत कसा आलास?"

"आजीनं बसवलं. भाकऱ्या करती ना, ती." आणि मग अगदी सहज, "म्हणली, त्या काकांना हिकडची काय म्हाईती न्हाई, तू जा संगं."

मावशींना फोन लावला. त्यांनी ते मान्य केलं, वर दुपारी पोराला नीट जेवू घाला म्हणून बजावलं. त्यानंतर गड त्यानंच दाखवला. गंगा-जमुना टाक्यांचं पाणी, साखळीची वाट कुठून येते ते (लांबून), कडेलोटाच्या टोकाला कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं. मी मागून मोजत होतो.

शेवटच्या दिवशी मुलांकडून चिठ्ठ्या भरून घेतल्या. प्रश्न होता, 'तुमचा आवडता दादा कोण?' एकतीस चिठ्ठ्यांवर एकच उत्तर होतं, 'त्रेचाळीस'. बाकीच्या ताईंनी आणि इतर दादांनी वाटून घेतल्या.

एक चिठ्ठी मला आली. तिच्यावर लिहिलं होतं, 'पाढेवाले काका'.