अजून एक पिळा

घरच्या घरी ब्रेक पॅड बदलणं वाटतं तितकं अवघड नाही. चाक उतरवून कॅलिपर सोडवेपर्यंत सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी फिरकतसुद्धा नाही. चाक परत चढवून नट आवळायला घेतले, की मात्र सल्लागार मंडळ भरतं. "अरे, अजून एक पिळा दे! रस्त्यात चाक निखळलं म्हणजे?" असं म्हणणारे काका घरचा गळका नळही असाच आवळत असणार आणि दर महिन्याला वॉशर बदलत असणार.

टायरवाले तर पान्यावर चक्क उभे राहतात. पासष्ट किलोचा इसम फूटभर लांबीच्या आडव्या पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला, तरी जोर दोनशे न्यूटन मीटरच्या घरात जातो. आपल्या छोट्या गाड्यांना लागतो साधारण ८५ ते ११०. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, आणि पुस्तिका प्लॅस्टिकच्या वेष्टनात, अस्पर्श. पान्यावर उड्या मारणाऱ्यांचा हिशेब मी केलेला नाही.

नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो, आणि पुन्हा मूळ लांबीवर यायच्या त्याच्या धडपडीतून चाक जागेवर धरलं जातं. फाजील ताणला, तर तो लांबतो तो लांबतोच. मग कसली धडपड! गंमत म्हणजे आपल्या जोरातले दहातले नऊ हिस्से घर्षणातच जिरतात. म्हणून आट्यांना तेल लावायचं नाही. घर्षण घटलं, की तेवढ्याच जोरात बोल्ट भलताच ताणला जातो. (गंजू नये म्हणून तेलाची बाटली घेऊन येणारे काका वेगळे, ते दुसऱ्या मजल्यावरचे.)

आवळायचं ते समोरासमोरचे नट धरून, दोन-तीन फेऱ्यांत, आणि शेवटची फेरी चाक जमिनीला टेकल्यावर. एकाच बाजूनं ओळीनं आवळत गेलं तर डिस्क वाकडी बसू शकते, आणि नवे कोरे पॅड घालूनही ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. टॉर्क रेंच ठरलेल्या आकड्याला 'कट्ट' करतो. तिथं थांबायचं असतं. पण यंत्राच्या शब्दावर थांबेल तो मराठी माणूस कसला? 'खात्रीला' म्हणून आणखी एकदा ओढल्याशिवाय त्याला झोप लागत नाही.

पन्नास-शंभर किलोमीटर धावल्यावर नट पुन्हा तपासावेत, असाही दंडक आहे. पुण्याहून निघालं तर लोणावळा त्याला अगदी सोयीचं. चाकं निवेपर्यंत घरच्यांची कांदाभजी आणि चिक्कीची खरेदी उरकते. मी रेंच काढून पहिल्या चाकाशी उकिडवा बसलो होतो, तेवढ्यात मागून एक गाडी येऊन थांबली. काच खाली करून आतल्या गृहस्थांनी विचारलं, "दादा, पंक्चरचे किती घेता?"