झाडू म्हणून विकलेल्या माशाबद्दल

दुकानदार महाशय,

पत्राची सुरुवात 'सप्रेम नमस्कार' अशी करायची रीत आहे. ती मी मोडते आहे, कारण तुमच्याबद्दल माझ्या मनात प्रेम नाही. तुमचं किंवा दुकानाचं नाव इथे घेत नाही. ज्या काउंटरवरून फेब्रुवारीतल्या एका रविवारी एक निळा मासा पिशवीत भरून, ऑक्सिजन सोडून, वर रबर गुंडाळून एका बाईच्या हाती दिला गेला, तो काउंटर तुम्हाला ओळखू येईल.

त्या दिवशी मी तुम्हाला मोबाइलवर आमच्या टँकचा फोटो दाखवला होता. मापंही सांगितली होती : २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच. पाणी साधारण ७० लिटर. खाऱ्या पाण्याचा टँक उभा करून जेमतेम अडीच महिने झाले होते आणि दगडांवर हिरवं, केसांसारखं शेवाळ माजलं होतं. यावर काही औषध आहे का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "औषध कशाला मॅडम? हा डोरी न्या. आठ दिवसांत सगळं चाटून साफ करतो." माझी अकरा वर्षांची लेक शेजारी उभी होती. डोरी ज्यात आहे तो 'फाइंडिंग निमो' सिनेमा तिचा पाठ आहे, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. टँकचा फोटो तुम्ही नीट पाहिला नाहीत, तिचा चेहरा मात्र नीट पाहिलात.

तो मासा १९ दिवस जगला.

त्या १९ दिवसांत त्याने दगडावरच्या शेवाळाला तोंड लावलं नाही. काचेच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जायचा, वळायचा, परत यायचा. दिवसभर तेवढंच. दुसऱ्या आठवड्यात अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके उठले. तो दगडाला अंग घासू लागला, मग त्याने खाणं सोडलं. शेवटचे दोन दिवस पंपामागच्या कोपऱ्यात नुसता उभा होता. विसाव्या दिवशी लेक उठायच्या आत मी त्याला जाळीने बाहेर काढलं.

मी परत तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "सॉल्टचे मासे असेच असतात. नाजूक." हे वाक्य तुम्ही किती जणांना ऐकवलं असेल! तुम्ही विकलात तो ब्लू टँग. त्याचं शास्त्रीय नाव पॅराकँथुरस हेपॅटस. पूर्ण वाढ झाली की तो ३० सेंटिमीटरच्या आसपास जातो, म्हणजे आमच्या टँकच्या निम्म्या लांबीचा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट सामोआपर्यंत पसरलेल्या समुद्रात, प्रवाळांवरून वाहणाऱ्या जोरदार प्रवाहात तो राहतो. त्याच्या नात्यातल्या यलो टँगपैकी ४० वर्षांहून अधिक जगलेले मासे हवाईच्या समुद्रात आढळले आहेत. असल्या घराण्यातला मासा नाजूक कसा असेल? त्याला पोहायला जागा नव्हती, आणि अंगावरच्या रोगासाठी तुम्ही त्याला विकण्याआधी एक दिवसही वेगळा ठेवला नव्हता. टँग जातीच्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा हा रोग फार पटकन धरतो, हे तुमच्या धंद्यातल्या नवख्या पोऱ्यालाही ठाऊक असतं.

आणि मुख्य गोष्ट पुढेच आहे. ब्लू टँगचं प्रमुख अन्न शेवाळ नाहीच. तो पाण्यात तरंगत येणारे सूक्ष्म जीव टिपतो. शेवाळ खातो ते तोंडी लावण्यापुरतं. शेवाळ काढायला आलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही असा मासा दिलात, ज्याला शेवाळाची फारशी भूकच नाही. दुकानात तोच सर्वांत महाग होता, हेही मी विसरलेले नाही.

तुम्ही मला एकच प्रश्न विचारायला हवा होता : शेवाळ कुठलं आहे? कारण सगळं शेवाळ एक नसतं आणि ते खाणारी तोंडंही एक नसतात. काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर आला असेल तर ते डायटम. नव्या टँकमध्ये ते येतं आणि पाण्यातलं सिलिका संपलं की बहुतेकदा आपोआप जातं. त्यासाठी मासा घेण्याची गरजच नसते. लालसर, साय धरल्यासारखा बुळबुळीत थर असेल तर ते सायनोबॅक्टेरिया. त्याच्यावर कुठल्याही माशाचा भरवसा धरता येत नाही. दगडावरचा पातळ थर खरवडायला ब्रिसलटूथ टँगचे दात बनलेले असतात, बारीक फणीसारखे. यलो टँगचं तोंड पुढे निघालेलं असतं, दगडाच्या फटीतलं शेवाळ त्याने खुडता येतं. लांब, जाड, पानासारखं शेवाळ फॉक्सफेस रॅबिटफिश आवडीने खातो. मात्र त्याच्या पाठीवरच्या काट्यांत विष असतं आणि टँकमध्ये हात घालणाऱ्याला ते आधी सांगावं लागतं. टँगच्या शेपटीच्या बुडाशी वस्तऱ्यासारखा काटा असतो, हे तरी तुम्ही आम्हाला कुठे सांगितलंत? लेक त्या पिशवीत बोट घालून पाहत होती.

यातला एकही मासा ७० लिटरच्या टँकसाठी नाही. यलो टँग २० सेंटिमीटरचा होतो, फॉक्सफेस त्याहून मोठा. "तुमच्या टँकला शेवाळ खाणारा मासा बसत नाही" एवढं एक वाक्य तुम्ही बोलला असतात, तर एक जीव वाचला असता आणि मी जन्मभर तुमची गिऱ्हाईक राहिले असते.

त्याऐवजी मासा मेल्यावर तुम्ही लॉनमोअर ब्लेनी पुढे केलात. "हा छोटा आहे, हा चालेल." हा गोड मासा आहे. दगडावर बसतो, डोळे फिरवून माणसाकडे पाहतो, काचेवर तोंडाचे ठसे उमटवत शेवाळ खरवडतो. पण टँक लहान आणि नवा असेल तर त्याचा वाटा थोड्याच आठवड्यांत संपतो. अनेक ब्लेनी दुसरं अन्न पटकन धरत नाहीत. पोट आत जातं, पाठ धारदार दिसू लागते आणि स्वच्छ चकचकीत काचेमागे तो उपाशी मरतो. गिऱ्हाईक मात्र खूश असतं, कारण शेवाळ गेलेलं असतं. तुम्ही मला हा मासा पुढे करताना नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, पट्टी, भिजवलेली शेवाळाची वडी, यातलं काही सुचवलंत का? शेवाळ संपल्यावर तो काय खाईल, हा विचार तुमच्या दुकानात कुणीच करत नाही.

शेवाळ का आलं, हे तर तुम्ही मला मुळीच सांगितलं नाहीत. टँक विकताना तुम्हीच म्हणाला होतात की नळाचं पाणी चालतं, क्लोरीनचे थेंब टाकले की झालं. थेंबांनी क्लोरीन जातं. नायट्रेट आणि फॉस्फेट जात नाहीत. टँकमधून रोज पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि आपण वरून पुन्हा नळाचंच पाणी ओततो. म्हणजे रोज शेवाळाला खत घालतो. त्यात तुम्ही दिवसाला तीनदा खाणं घालायला सांगितलंत आणि दिवा बारा तास ठेवायला. मासा शेवाळ खाईल, पण त्याची विष्ठा त्याच पाण्यात पडणार. खत टँकमध्येच राहतं, फक्त रूप बदलतं. ते बाहेर काढायचं तर पाणी बदलावं लागतं, शेवाळ हाताने उपटून फेकावं लागतं.

एक गोष्ट मला नंतर वाचताना कळली आणि तिने राग आणखी वाढवला. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रातले डायडेमा नावाचे काळे समुद्रसाळू रोगाने जवळजवळ नष्ट झाले. शेवाळ खाणारे मासे तिथे बेसुमार मासेमारीने आधीच कमी झाले होते. मग जमैकाच्या किनाऱ्याजवळ शेवाळाने प्रवाळ झाकून टाकले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस निम्म्याहून अधिक तळावर जिवंत प्रवाळ होते, ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्क्यांच्याही खाली आले. शेवाळ खाणाऱ्या जिवांवर समुद्राचं एवढं काही अवलंबून असतं. आता तुम्ही विकलेल्या माशाचं पाहा. ब्लू टँगची पिल्लं माणसाच्या देखरेखीखाली पहिल्यांदा वाढवली गेली ती २०१६ साली, फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. बाजारात येणारे बहुतेक ब्लू टँग अजूनही समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. एखाद्या प्रवाळावरून उचललेला, विमानातून पिशवीत आलेला तो जीव तुम्ही मला झाडू म्हणून विकलात.

आमचा टँक आज स्वच्छ आहे. आता आरओचं पाणी वापरते, दर आठवड्याला थोडं बदलते. दिवा सात तास असतो. जुन्या टूथब्रशने दगड घासले, शेवाळ मुठीमुठीने काढलं. तीन महिने लागले. चार ट्रोकस गोगलगायी आहेत, त्या उलट्या पडल्या तरी आपल्या आपण सुलट होतात, आणि काचेवरचा थर त्या निमूट खातात. दोन क्लाउनफिश आहेत. लेक त्यांना दिवसातून एकदा चिमूटभर खाणं देते, मोजून.

दुकानदार महाशय, तुमच्या काउंटरवर एक मोजपट्टी ठेवा. गिऱ्हाइकाने फोटो दाखवला तर तो पाहा. २ फुटांच्या टँकसाठी टँग मागायला कुणी आलं तर नाही म्हणा, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आणि हे वाचणाऱ्यांनो, पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा : हा किती मोठा होतो, आणि शेवाळ संपल्यावर काय खातो? उत्तर मिळालं नाही तर पिशवी हातात घेऊ नका.

— एक गिऱ्हाईक, ठाणे