आमची लस उचलून नेणाऱ्या साहेबांना खुले पत्र

साहेब,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. मे २०२१च्या पहिल्या आठवड्यात मावळातल्या कान्हे फाट्यावर लसीकरण केंद्राबाहेर तुमची एमएच बारा नंबरची गाडी उभी होती, एवढी ओळख मला पुरते. तुमच्या मागेपुढे आणखी गाड्या होत्या. पुण्याच्या, पिंपरीच्या, शिवाय लोणावळ्याच्या बंगल्यांवर टाळेबंदीचे दिवस काढायला आलेल्या मुंबईकरांच्याही. प्रत्येकाच्या मोबाइलवर स्लॉट पक्का झाल्याचा मेसेज होता.

तुम्ही नियम मोडला नाही, हे आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे तोच मुद्दा पुन्हा मांडायचे तुमचे कष्ट वाचतील. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाची कोरोनाची लस सुरू झाली. त्यांना ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती आणि कोविनवर कुठलाही पिनकोड टाकून कुठलंही केंद्र निवडता येत होतं. तुमच्या शहरात स्लॉट मिळेना, तेव्हा तुम्ही आमच्या तालुक्याचा पिनकोड टाकलात. नियमात बसलात, पण दुसऱ्याच्या वाट्याचं घेऊन गेलात, आणि ते कुणाच्या वाट्याचं आहे हे बघायला मान वळवली नाहीत.

मी कान्ह्यातच राहतो. त्या दिवसांत आमच्या ओट्यावर आंदर मावळातली पोरं जमायची. टाकव्याच्या पुढे, वडेश्वर-खांडीकडे रेंजचा भरवसा नाही, म्हणून ती फाट्याकडे उतरायची. कुणी दुधाच्या किटल्या पोचवून आलेला, कुणी कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. ठेकेदाराने बजावलेलं असायचं, लस घेतल्याशिवाय गेटच्या आत घेणार नाही. पिशवीत आधार कार्ड, तेही घामाने ओलं होऊ नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. मी त्यांची नोंदणी करून द्यायचो. कोविन तेव्हा इंग्रजीत होतं, मराठी आली ती जूनमध्ये. एका मोबाइल नंबरवर चारच जणांची नावं लागायची. माझ्या नंबरची चार भरली, मग बायकोच्या, मग आईच्या. थोडा वेळ गेला की कोविन आपोआप बंद पडायचं. पुन्हा ओटीपी, पुन्हा केंद्र शोधणं. कधीतरी संध्याकाळी स्लॉटचा आकडा दिसायचा, सगळी डोकी माझ्या मोबाइलवर वाकायची, आणि मी बोट लावेपर्यंत सगळं भरलेलं असायचं.

ते कुणी भरलं, हे दुसऱ्या दिवशी केंद्राबाहेर कळायचं. तुमच्याकडे टेलिग्रामवर अलर्ट येत होते, घरात वायफाय होतं, घरूनच काम असल्यामुळे दिवसभर लॅपटॉप समोर उघडा होता. संगणक क्षेत्रातल्या काही मंडळींनी तर स्लॉट आपोआप हेरणारे प्रोग्रॅम लिहिले. दूध घालून आलेल्या पोराशी तुम्ही यंत्र घेऊन शर्यत लावलीत आणि जिंकलात. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला विचारलं, की खेड्यातल्या माणसाने या कोविनवर नोंदणी करायची कशी? न्यायाधीशांना दिल्लीत बसून जे दिसलं, ते तुम्हाला कान्हे फाट्यावर उभं राहून दिसलं नाही.

आता तुम्ही आलात त्या सकाळचं सांगतो. एका ठाकरवाडीतली सहा-सात तरुण माणसं आशाताईंबरोबर आली होती. त्यांत एक बाळंतपणातून नुकतीच उठलेली मुलगी होती, पोर सासूच्या कडेवर. त्या वाडीत लशीची भीती होती, ते मी लपवत नाही. लस घेतली की मूल होत नाही, ताप चढून माणूस जातो, असं सगळं तिथवर पोचलं होतं. आशाताईंनी स्वतःचा दंड दाखवला. मी पहिल्या फेरीतच घेतली, मला काय झालं सांगा, म्हणाल्या. एकेका घरी परत परत जाऊन बसल्या. त्यांच्याच शब्दावर ही माणसं जीप करून आली होती. नोंदणी झालेली, पण स्लॉट कुणालाच नाही. निदान दोघाचौघांना तरी बसवतील, अशी ताईंना आशा होती.

ती माणसं भिंतीच्या सावलीला बसली. आतून नावं पुकारली जात होती आणि प्रत्येक नावाला एका गाडीचं दार उघडत होतं. आत काम करणाऱ्या सिस्टरही काय करणार? यादी वरून यायची, तिच्याबाहेरच्या माणसाला सुई लावायची परवानगी नव्हती. नाव लावून कुणी आलं नाही, तरी ती जागा समोर बसलेल्याला देता येत नव्हती. जागेवर नोंदणी करायची मुभा केंद्र सरकारने दिली ती २४ मे रोजी. ऊन चढल्यावर ताईंनीच सगळ्यांना उठवलं. जीपचं भाडं गेलं, दिवसाची मजुरी गेली. त्याहून मोठं म्हणजे ताईंचा शब्द गेला. वाडीत जाऊन पुन्हा चला म्हणायचं, तर कुठल्या तोंडाने?

तुम्ही तेव्हा दंडावर कापूस धरून अर्धा तास बसला होतात. नंतर फोटो काढलात.

पुढे १२ मे रोजी तुटवड्यामुळे राज्य सरकारने १८ ते ४४ची लसच थांबवली. जे डोस होते ते ४५च्या वरच्यांच्या दुसऱ्या डोससाठी वळवले. म्हणजे आमच्या तरुण पोरांना मिळालेली सवड जेमतेम दहा-बारा दिवसांची, आणि ती तुमच्या गाड्यांनी भरून काढली. २१ जूनपासून केंद्र सरकारने सगळ्या प्रौढांना मोफत लस द्यायला सुरुवात केली, तोवर मावळात पाऊस लागला होता. तुम्हाला पावसाळा म्हणजे भुशी डॅम. इथे पावसाळा म्हणजे भातलावणी. मे महिन्यात रान मोकळं असतं, हात मोकळे असतात. दोन दिवस ताप आला तरी माणूस पडून राहू शकतो. जुलैत गुडघाभर चिखलात इंद्रायणीची रोपं लावायची असतात, आणि घरातला एक माणूस तापाने झोपला तर लावणी मागे पडते. त्यामुळे 'लावणी उरकल्यावर बघू' हे उत्तर घरोघरी मिळालं. त्या उत्तरात अडाणीपणा नव्हता, वर्षाच्या तांदळाचा हिशेब होता. लावणी उरकेपर्यंत ही माणसं दंडात काही नसताना कंपनीत, बाजारात, मयतीला जात राहिली.

घाबरून आलात याचा मला राग नाही. एप्रिलमध्ये पुण्यात बेड मिळत नव्हते, लोक ऑक्सिजनसाठी रात्ररात्र फोन करत होते. घरात म्हातारे आईवडील असतील, तर माणूस कुठेही धावेल. मीही धावलो असतो. पण मी भिंतीशी बसलेल्यांकडे एकदा तरी पाहिलं असतं, आणि घरी जाऊन त्यांच्याविषयी खोटं बोललो नसतो.

मूळ दुखणं तेच आहे. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही जे लिहिलंत, ते आमच्याच एका नातेवाइकाकडून फिरत माझ्यापर्यंत आलं. खेड्यातले लोक लस घेतच नाहीत, घाबरतात, तिकडे डोस वाया जातात, म्हणून आपण जाऊन घेतलेली बरी, असा तुमचा सूर. खाली अंगठ्यांची रांग. पहिल्या पंगतीला घुसून जेवायचं आणि बाहेर येऊन सांगायचं की यजमानांना भूकच नव्हती, असा हा प्रकार झाला. लस नेलीत ते एक वेळ सोसलं असतं. तुम्ही आमची मागणीसुद्धा खोटी ठरवलीत. तुमच्यासारखं इतक्या जणांनी लिहिलं आणि बोललं, की आजही लग्नाकार्यात कुणी ना कुणी म्हणतो, गावाकडे लस नकोच होती.

जगातही त्या वर्षी हेच चाललं होतं. कॅनडासारख्या देशांनी आपल्या लोकसंख्येला कित्येक पटींनी पुरेल इतक्या डोसची आगाऊ मागणी नोंदवून ठेवली आणि आफ्रिकेतल्या परिचारिका पहिल्या डोसची वाट पाहत राहिल्या. त्यांच्याबद्दलही ऐकू यायचं, की तिथल्या लोकांना लशीचं महत्त्व कळत नाही. तुम्ही ते वाचून हळहळला असाल. आमच्याच जिल्ह्यात, मांजरीत, जगातला सगळ्यात मोठा लस कारखाना आहे. कोविशील्डचे पहिले खोके तिथून १२ जानेवारीला निघाले. खांडीचं पोर त्याच जिल्ह्यात राहून मे महिन्यात रिकाम्या दंडाने घरी गेलं.

मी लस घेतली ती पुढे, रांगेत उभं राहून. रात्री अंग मोडून आलं, पॅरासिटामॉल घेतली, दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. लशीने माणसं वाचली यात मला तिळभर शंका नाही, म्हणून तर ती कुणाच्या दंडात आधी गेली याचा इतका संताप आहे. आशाताई लावणीनंतर पुन्हा त्या वाडीवर गेल्या, पुन्हा ओट्याओट्यावर बसल्या. बहुतेकांनी घेतली. ती बाळंतीणही आली. तुमच्या ग्रुपवर हे कधी पोचलं नाही.

तुमच्याकडून मला माफी नको. तो ग्रुप अजून चालू असेल. त्यावर एवढंच टाका, की कान्हे फाट्यावर तुम्ही गेलात तेव्हा भिंतीशी माणसं बसली होती, त्यांना लस हवी होती, आणि तुमचं नाव आधी पुकारलं गेलं.

कान्ह्याचा एक रहिवासी