भाऊजी, जरा बसू का?

प्रति,
श्री. भाऊजी,
अध्यक्ष, उन्हाळी सहल समिती (बिनविरोध, कारण निवडणूकच झाली नाही),
मु. गोविंदनगर, नाशिक, हायवेच्या पलीकडे.

विषय: सहलीत दुपारी बसण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ: आपण घरच्या ग्रुपवर रात्री पावणेबाराला टाकलेली एक्सेल फाइल.

स. न. वि. वि.

आपली फाइल मिळाली. मोबाइलवर नुसतेच रंगीत चौकोन दिसत होते, म्हणून चिरंजीवांकडून लॅपटॉपवर उघडून घेतली आणि आम्ही इंदिरानगरकरांनी ती एकत्र बसून वाचली. (बसून वाचली याबद्दल क्षमस्व.) पहाटे पावणेचारला जॉगिंग ट्रॅकपाशी गाडी. गेट उघडायच्या आधी अर्धा तास आपण सतराजण इमॅजिकाच्या दारात. तिथून पुढे मिनिटामिनिटाचा हिशेब. मोठ्यांच्या राइड्स हिरव्या, लहानांच्या पिवळ्या, खाणं निळं. निळा चौकोन दिवसभरात एकच आहे: १२.४० ते १२.५५, जेवण. सतरा माणसं, त्यातली पाच अशी की हात धुवायला पाठवली तर शोधायला दोघं पाठवावे लागतात. आणि लगेच १.०५ ला हिरव्या चौकोनात 'नायट्रो'. म्हणजे ज्या पाळण्यात पायाखाली फळीसुद्धा नसते आणि माणूस उलटा होतो, त्यात आपण छोले-भटुरे पोटात घेऊन दहाव्या मिनिटाला बसायचं. समितीने पिशव्यांची तरतूद केली असेलच.

पण पत्र लिहायला कारण झाली ती सगळ्यात खालची, लाल अक्षरांतली ओळ. 'दुपारी कोणीही सावली बघून बसायचं नाही. तिकिटाचे पैसे वसूल झाले पाहिजेत.' पत्र खुलं अशासाठी, की ग्रुपवर काही लिहिलं तर तुम्ही अंगठ्याचं चित्र टाकून मोकळे होता.

आधी कौतुक करते, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, त्यामुळे कसारा घाटातला वेळ वाचतो हे तुम्ही बरोबर हेरलंत. वाचलेला वेळ मात्र तुम्ही कोणालाही झोपायला दिला नाहीत, त्यात आणखी एक राइड बसवलीत. इंदिरानगरच्या बोगद्यात रोज संध्याकाळी अर्धा अर्धा तास काढणाऱ्या माणसाला वेळेची किंमत कळते, हे मला मान्य आहे.

माझी सूचना शिर्डीची होती. ती फेटाळली गेली. संगमनेरच्या मालपाणींची पाण्याची बाग तिथे आहे, दोन तासांत पोचलो असतो, साईबाबांचं दर्शनही झालं असतं. तुम्ही म्हणालात, वहिनी, ते लहान आहे, इमॅजिका म्हणजे इमॅजिका. २०१३ साली खोपोलीजवळ ती सुरू झाली तेव्हापासून तुमच्या डोक्यात ती बसलेली आहे. आता २०२२ पासून तीही मालपाणींकडेच आहे, म्हणजे आपण दोनशे किलोमीटर लांब जाऊन पुन्हा शेजाऱ्यांच्याच घरी जाणार. असो. बहुमताचा आदर आहे.

तर मुद्दा बसण्याचा.

भाऊजी, तुम्ही अंबडला शिफ्ट सांभाळता. तुमच्या हाताखालची माणसं जेवणाच्या सुट्टीला निघाली की तुम्ही घड्याळ बघता, पण अडवत नाही. अडवता येतच नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात ५५ वं कलम घालणाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं, की माणसाकडून सलग पाच तासांच्या वर काम घ्यायचं नाही, त्याआधी निदान अर्धा तास विश्रांती द्यायची. तुमच्या वेळापत्रकात साडेदहा ते साडेसात अशा नऊ तासांत पंधरा मिनिटं आहेत. मजुरी करताना जे कायद्याने मिळालं ते मजा करताना का मिळू नये, एवढाच माझा भाबडा प्रश्न.

तुमचा हिशेब मला ठाऊक आहे. फ्लोरिडातल्या आपल्या ताईंनी ग्रुपवर सुचवलं होतं, की तिकडे डिस्नेला जाणारी जाणती मंडळी सकाळी दार उघडायला हजर राहतात, ऊन चढलं की हॉटेलवर जाऊन पोहतात, लोळतात, आणि उन्हं उतरल्यावर परत येऊन रात्रीचं दारूकाम बघतात. त्यावर तुम्ही लिहिलंत, 'तिकडे चार दिवसांचं तिकीट असतं, हॉटेल दाराशी असतं. आपण एका दिवसाचे पैसे भरणार आणि रात्री नाशकात परत येणार.' हे बिनतोड आहे. हॉटेल तर इमॅजिकालाही लागून आहे, पण सतराजणांनी दोन तास लोळण्यासाठी तिथे खोल्या घ्यायच्या म्हणजे त्या पैशात समितीच्या पुढच्या दोन सहली होतील. बाहेर पडून लोळायची अमेरिकन चैन आपल्याला नाही, हे मी लिहून देते.

पण तुमचा आकडा जिथे चुकतो ती जागा दाखवते. तुम्ही नऊ तास सारखे धरलेत. ते सारखे नसतात. आपल्यासारखे पहाटे निघालेले लोक दारात असतात तेव्हा आत रांग नसते. मुंबई-पुण्याची मंडळी नाश्ता करून, डोक्याला तेल लावून, निवांत बाराच्या सुमाराला येतात. एक ते चार सगळे आत असतात आणि सगळे रांगेत असतात. संध्याकाळी लहान मुलं रडायला लागली की गर्दी ओसरते. म्हणजे दुपारच्या दोन तासांत तुम्ही उन्हातल्या रांगेत उभं राहून मिळवणार किती, तर दोन राइड्स, फार तर तीन. सकाळी पहिल्या तासात तेवढ्या सहज होतात. कारखान्यात ज्या तासाला माल निघत नाही त्या तासाला तुम्ही यंत्राला तेलपाणी करता ना?

आणि ऊन. नाशिकचं ऊन भाजतं, खोपोलीचं शिजवतं. आपल्याकडे मे महिन्यात घाम येतो आणि वाळतो, वाळता वाळता अंग गार करतो. घाट उतरलो की तोच घाम अंगावर तसाच राहतो, अंग आतून तापत जातं आणि माणसाला वाटतं आपण नुसते चिकट झालोय. मुलांना आणि म्हाताऱ्यांना ते आधी लागतं आणि दोघंही सांगत नाहीत. मुलं राइड चुकेल म्हणून, म्हातारी माणसं आपल्यामुळे कोणाची चुकेल म्हणून. त्याच पट्ट्यात, खारघरच्या मैदानावर १६ एप्रिल २०२३ ला कार्यक्रमाला उघड्यावर भर दुपारपर्यंत बसलेली माणसं उष्माघाताने गेली. त्यानंतर सरकारला सांगावं लागलं, की बारा ते पाच उघड्या मैदानावर कार्यक्रम नकोत. या एवढ्या परिच्छेदात मी थट्टा करत नाहीये.

शास्त्रार्थ हवा असेल तर तोही आहे. आमच्या समोरच्या वैद्यकाकूंना विचारून आले. चरकसंहितेत दिवसा झोपायला एरवी नाक मुरडलंय, पण ग्रीष्म ऋतूत मुभा दिलीय. शिवाय लहान मुलं, म्हातारी माणसं आणि वाटचालीने थकलेले, यांना बारा महिने सूट. आपल्या गाडीतली यादी काढा. या तिन्हींत न बसणारे तुम्ही एकटे निघाल, आणि तुम्हीही पावणेचारच्या आधी उठलेले असाल.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं लांबण लावलं ती.

गेल्या मे महिन्यात आपण एका बागेत गेलो होतो. नाव लिहीत नाही, बागेचा काही दोष नव्हता. तेव्हाही 'बसायचं नाही' असाच नियम होता आणि तो सगळ्यांनी पाळला, असं तुम्ही रात्री अभिमानाने लिहिलंत. भाऊजी, एक माणूस दिवसभर बसलेलं होतं. आई. पाण्याच्या तळ्याशेजारी सिमेंटच्या कट्ट्यावर, एका छत्रीखाली. छत्रीची सावली अकराला कट्ट्यावर होती, दोनला ती पलीकडच्या फरशीवर गेली. आई नाही गेल्या. कारण त्यांच्याभोवती सहा सॅक होत्या, चपलांचे ढीग होते, भाड्याने घेतलेल्या नायलॉनच्या कपड्यांच्या पावत्या त्यांच्या बटव्यात होत्या, चार मोबाइल पदराखाली होते आणि प्रत्येक मोबाइल वाजला की त्या दचकून कुठलं बटण दाबायचं ते बघत होत्या. अर्ध्या अर्ध्या तासाने कोणीतरी ओलं येऊन टॉवेल मागायचं, टपटप पाणी सांडायचं, 'आई, मजा येतेय ना?' असं विचारून उत्तराआधी पळायचं. त्यात मीही होते. बाथरूमला जायचं तर सामान कोणावर टाकायचं, म्हणून त्यांनी पाणीच कमी प्यायलं. हे त्यांनी मला चार दिवसांनी, भाजी निवडताना, सहज सांगितलं. घरी आल्या तेव्हा पावलं एवढी सुजली होती की पैंजण रुतले होते.

आणि रात्री आपण ग्रुपवर खर्चाचा हिशेब टाकलात. त्यात शेवटून दुसरी ओळ होती: 'लॉकर – घेतला नाही – बचत.' त्याखाली तुमचाच निरोप: 'आईने आज मस्त आराम केला.'

म्हणजे आपण विश्रांती घेतली नाही असं नाही. सगळ्यांची विश्रांती आपण एकाच माणसाला घ्यायला लावली, तीही उन्हात आणि बिनपगारी.

गंमत अशी, की हा बागांचा सगळा कारखाना बाकावर बसलेल्या माणसालाच सुचलेला आहे. वॉल्ट डिस्ने मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जायचे. मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर आणि हे बाकावर शेंगदाणे खात बसलेले. तिथे त्यांना वाटलं, आईबापांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा का नसावी? त्यातून १९५५ साली डिस्नेलँड उभं राहिलं. १७ जुलैला पहिल्या दिवशी ऊन इतकं होतं की ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या. त्यात प्लंबरांचा संप झालेला, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ धड चालेनात. म्हणजे तिकडेही पहिल्याच दिवशी आपल्या समितीसारखंच नियोजन होतं. फरक एवढाच, की तिकडे ज्याला बाकाचा कंटाळा आला त्याने बाग बांधली. आपल्या आईंना कंटाळा आला तर त्या जप करतात.

त्यांना चालण्याचं, दमण्याचं वावडं आहे असं समजू नका. त्र्यंबकेश्वराहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्या पंढरपूरपर्यंत चालत गेलेल्या आहेत, तुमचं लग्न व्हायच्या आधी. त्यांना विचारा वारी कशी चालते. पहाटे निघायचं, आणि दुपारी विसावा. पालखी टेकते, भाकरी सुटते, माणसं झाडाखाली पाठ टेकतात, मग उन्हं कलली की पुढे. शेकडो वर्षांत कोणी म्हटलं नाही की विसावा रद्द करा, पंढरपूर वसूल झालं पाहिजे. खुद्द विठ्ठलाचा पलंगसुद्धा आषाढीत काढतात, देव रात्रंदिवस उभा राहतो. तरी त्याच्या पाठीशी लोड देतात, यात्रा सरली की प्रक्षाळपूजा करतात आणि शिणवटा जायला काढा पाजतात. अठ्ठावीस युगं उभं राहणाऱ्याला लोड आणि आपल्या आईंना सिमेंटचा कट्टा.

तेव्हा समितीने पुढील दुरुस्त्या विचारात घ्याव्यात, ही विनंती. जेवण साडेअकराला, भूक लागायच्या आणि रांग लागायच्या आधी. नायट्रो सकाळी, उपाशीपोटी. ज्यांना ओरडायचं असेल त्यांनी तेव्हाच ओरडून घ्यावं. एक ते साडेतीन उघड्यावर काही नाही. छपराखालचे, एसीतले खेळ तेव्हाच बघायचे, मिस्टर इंडिया म्हणू नका, आय फॉर इंडिया म्हणू नका. तिथे अंधार असतो, खुर्ची असते, आणि कोणी घोरलं तर पिक्चरच्या आवाजात ऐकू येत नाही. तुमच्या दादांची तेवढी सोय झाली की ते संध्याकाळी माणसात असतील. लॉकर घ्यायचा, मोठा. जे सामान लॉकरमध्ये मावणार नाही त्यापाशी प्रत्येक मोठ्या माणसाने वीस वीस मिनिटं बसायचं, आणि पहिली पाळी अध्यक्षांची. एक्सेलमध्ये त्या चौकोनाला कुठला रंग द्यायचा ते तुम्ही ठरवा. आईंचं नाव त्या रकान्यात येता कामा नये. त्यांना नदीतल्या त्या डायनोसॉरच्या होडीत बसायचंय, असं त्या परवा धाकटीला सांगत होत्या. मला सांगितलं नाही, कारण मी लगेच 'झेपेल का' म्हटलं असतं.

एवढं मान्य नसेल तर आम्ही इंदिरानगरचे आठजण शिर्डीला जाऊ. नऊजणांना सतरा सीटची गाडी परवडते का, तो हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा लवकर कराल.

कळावे,
आपली,
वहिनी
(इंदिरानगर शाखा)

ता. क. गाडीवाल्याचा आत्ताच फोन येऊन गेला. तो म्हणतो, रात्री परत घाट चढायचाय, ड्रायव्हर दुपारी दोन तास झोपणारच, त्या वेळात त्याला फोन करायचा नाही, ही आधीच ठरलेली अट आहे. तुम्ही ती काही कुरकुर न करता मान्य केलीत असंही म्हणाला. लाल अक्षरांतली ती ओळ त्याला पाठवू, की तुम्ही पाठवताय?