पहिला आला, आठवा राहिला

1857 म्हटलं की आपल्यासमोर झाशी, कानपूर आणि तात्या टोपे उभे राहतात. शेफील्डच्या दोन सद्गृहस्थांना त्या वर्षी वेगळीच काळजी लागली होती. हिवाळा तोंडावर आला होता, क्रिकेट बंद होणार होतं, आणि वसंत येईपर्यंत हातपाय हलवायचे कसे, हे काही सुचत नव्हतं. एक होते नाथॅनियल क्रेसविक, पेशाने वकील. दुसरे विल्यम प्रेस्ट, दारूचे व्यापारी. वकील आणि दारूवाला एकत्र आल्यावर संस्था निघायला कितीसा वेळ लागणार? 24 ऑक्टोबर 1857 रोजी शेफील्ड फुटबॉल क्लब स्थापन झाला. मुंबई विद्यापीठापेक्षा हा क्लब तीन महिन्यांनी लहान, पण आज चालू असलेल्या जगातल्या सगळ्या फुटबॉल क्लबांत वयाने मोठा. लोक त्याला नुसतं ‘द क्लब’ म्हणतात. बरोबरच आहे, नाव ठेवलं तेव्हा दुसरा कोणता होता की ज्याच्याशी गल्लत व्हावी?

क्लबाचं पहिलं कार्यालय म्हणजे एका बंगल्याच्या आवारातलं काचघर होतं. रोपं वाढवायची जागा. कुंड्या बाजूला सरकवून तिथं जागतिक खेळाची पहिली बैठक भरली असणार. आपल्याकडच्या कितीतरी मंडळांचा जन्म कुणाच्या तरी पडवीत, कुणाच्या तरी आईची कुरकुर ऐकत झाला आहे, त्यामुळे मला हे काचघर अजिबात परकं वाटत नाही.

खरी पंचाईत पुढे होती. क्लब काढला, वर्गणी ठरली, चेंडू आला, खेळायचं कुणाशी? जगात दुसरा क्लबच नाही! मग सभासद आपापसांत वाटण्या करून खेळू लागले. कधी विवाहित विरुद्ध अविवाहित असाही सामना व्हायचा. त्यात विवाहितांचा निकाल काय लागत असेल यावर मला बरंच बोलता येईल, पण घरात हा मजकूर वाचला जातो.

शाळाशाळांचे नियम वेगवेगळे होते, म्हणून 1858 मध्ये क्लबाने आपले नियम लिहून काढले. एकूण अकरा. उडता चेंडू हातांनी झेलायला परवानगी होती. समोरच्याला हातांनी ढकलायलाही हरकत नव्हती, फक्त नडगीवर लाथ मारायची नाही आणि पाय घालून पाडायचं नाही. ऑफसाइडचा पत्ताच नव्हता, म्हणजे एखादा आळशी गडी दुपारभर समोरच्या गोलापाशी उभा राहिला तरी त्याला कुणी हटकू शकत नव्हतं. मी खेळलो असतो तर त्याच काळात. या सगळ्यांत मला सर्वांत प्रिय असलेला नियम अकरावा : प्रत्येक खेळाडूने एक लाल आणि एक गडद निळी अशा फ्लॅनेलच्या दोन टोप्या स्वतःच्या स्वतः आणाव्यात. ज्या बाजूला पडाल त्या रंगाची टोपी घाला, दुसरी खिशात. दोन संघांचा गणवेश तो एवढाच. आज खेळाडूंच्या अंगावरचा सदरा दर हंगामाला बदलतो आणि आमचा भाचा तो दर हंगामाला विकत घेतो. टोप्यांचा नियम चालू राहिला असता तर माझ्या मेहुण्याचे पुष्कळ पैसे वाचले असते.

अखेर 1860 मध्ये प्रतिस्पर्धी मिळाला. शेजारीच हॅलम नावाचा क्लब निघाला आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला, सँडीगेटच्या मैदानावर दोन क्लबांमधला जगातला पहिला सामना झाला. शेफील्डने तो दोन-शून्यने जिंकला. हॅलम आजही आहे, आजही सँडीगेटवरच खेळतो.

शेजारी मिळाला म्हणजे भांडण आलंच. 29 डिसेंबर 1862 ला हे दोन क्लब ब्रॅमल लेनच्या क्रिकेट मैदानावर पुन्हा भिडले. निमित्त मोठं उदात्त होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस येईना, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि कामगारांच्या घरी उपासमार सुरू झाली. त्यांच्या मदतीसाठी हा सामना. (त्याच कापसाच्या टंचाईनं इकडे मुंबईत सोन्याचा धूर निघत होता, प्रेमचंद रायचंदांच्या एका शब्दावर शेअरचे भाव वरखाली होत होते. एका गावाची उपासमार ही दुसऱ्या गावाची दिवाळी, हा हिशेब तेव्हाही तसाच होता.) तर पुण्यकर्म सुरू झालं आणि मध्येच आपले वकीलसाहेब क्रेसविक आणि हॅलमचा वॉटरफॉल नावाचा गडी एकमेकांना भिडले. वॉटरफॉलने अंगातलं जाकीट काढून फेकलं आणि बाह्या सरसावल्या. बघता बघता इतर खेळाडू धावले, प्रेक्षकही मैदानात उतरले. चार पोक्त माणसांनी मध्ये पडून प्रकरण मिटवलं, आणि वॉटरफॉलला शिक्षा म्हणून गोलात उभं केलं असं सांगतात. गोलरक्षकाची जागा ही शिक्षा आहे, हे गल्लीत फुटबॉल खेळलेल्या प्रत्येक जाड्या मुलाला ठाऊक असतं. त्याला इतकी जुनी परंपरा आहे हे वाचून मला फार बरं वाटलं. सामना शून्य-शून्य सुटला. धर्मादाय खात्यात काय जमा झालं असेल ते असो, त्या दिवशी फुटबॉलच्या खात्यात एक गोष्ट कायमची जमा झाली.

मग मंडळी लंडनला गेली. 31 मार्च 1866, बॅटरसी पार्क. लंडनकर म्हणजे फुटबॉल असोसिएशनची खाशी मंडळी, सगळं शहाणपण आपल्याकडेच असं मानणारी. शेफील्डच्या गड्यांनी हवेतला चेंडू डोक्याने उडवायला सुरुवात केली तेव्हा लंडनकरांना हसू आवरेना. डोक्याचा हा असला उपयोग त्यांनी पाहिलाच नव्हता. सामना लंडनने जिंकला खरा, पण पुढे अख्ख्या जगाने डोकं कुणाचं उचललं ते सांगायला नको. कॉर्नर किक आणि गोलावरची आडवी दांडी, यांचंही बरंचसं श्रेय शेफील्डच्या नियमांना देतात. 1877 पर्यंत हे गाव आपल्याच नियमांनी खेळत होतं. नंतर सगळ्या देशाचे नियम एक झाले आणि शेफील्डच्या पुष्कळ गोष्टी त्यात गुपचूप जाऊन बसल्या.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून भाच्याने विचारलं, “मामा, मग हे प्रीमियर लीगमध्ये का नाहीत?” हा पोरगा शनिवारी-रविवारी रात्री दीड वाजेपर्यंत जागून मँचेस्टरचे सामने बघतो आणि सोमवारी कॉलेजात झोपतो.

त्याचं उत्तर 1885 मध्ये आहे. त्या वर्षी खेळाडूंना पगार द्यायला अधिकृत परवानगी मिळाली. गिरण्या-कारखान्यांच्या गावांतले क्लब पैसे मोजून खेळाडू आणू लागले. आमच्या वकील-व्यापाऱ्यांच्या क्लबाने मात्र ठरवलं की खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत आणि द्यायचेही नाहीत. तत्त्व फार थोर. फक्त समोरच्याला ते मान्य नव्हतं, आणि अ‍ॅस्टन व्हिलासारखे संघ येऊन तत्त्वासकट धुऊन जायचे. ज्यांनी नंतर सुरुवात केली ते शेफील्ड वेन्सडे आणि शेफील्ड युनायटेड पैसेवाले झाले, मोठ्या मैदानांचे मालक झाले. घराण्यातला थोरला जसा धाकट्यांना मार्गी लावून स्वतः जुन्याच घरात राहतो, तसं काहीसं झालं. फरक एवढाच की या थोरल्याकडे जुनं घरही उरलं नाही.

हौशी क्लबांसाठी वेगळी स्पर्धा निघाली तेव्हा मात्र थोरल्यानं हात दाखवला. 1904 मध्ये ईलिंगला तीन-एकने हरवून अमॅच्युअर कप जिंकला. पुढचं मोठं यश म्हणावं तर थेट 1977 मध्ये एफए व्हाझच्या अंतिम सामन्यात वेम्बलीपर्यंत मजल. तिथे बिलरिकी टाउनशी बरोबरी झाली आणि पुन्हा खेळवलेल्या सामन्यात हार. मधल्या त्र्याहत्तर वर्षांबद्दल मी काही बोलत नाही. क्लब चालू राहिला, शनिवार येत राहिले.

इंग्लंडात वरच्या चार पायऱ्यांवर मिळून 92 क्लब असतात. त्याखालचे सगळे ‘नॉन-लीग’. तिथेही पायऱ्यांवर पायऱ्या आहेत, आणि जगातला हा सर्वांत जुना क्लब बरीच वर्षं आठव्या पायरीवर उभा राहिला. भाड्याच्या मैदानांवरून फिरत फिरत 2001 मध्ये तो ड्रॉनफील्डला आला. मैदानाला लागून ‘कोच अँड हॉर्सेस’ नावाचा पब आहे, ही सोय; पण ड्रॉनफील्ड शेफील्डमध्ये नाही. ते डर्बीशायरमध्ये आहे, शेजारच्या जिल्ह्यात. म्हणजे नावातलं गाव गेलं, क्लब राहिला. आपल्याकडे लोक मुलुंडला राहून स्वतःला दादरचे म्हणवतात, तसं समजा.

आणि अशा या क्लबाला 2004 मध्ये फिफाने स्वतःच्या शताब्दीनिमित्त विशेष सन्मान दिला. क्लबांमध्ये तो दोघांनाच मिळाला : एक रिआल माद्रिद आणि दुसरा हा. एक सर्वांत यशस्वी म्हणून, दुसरा सर्वांत जुना म्हणून. 2007 मध्ये दीडशे वर्षं झाली तेव्हा ब्रॅमल लेनवर इंटर मिलान खेळायला आला. पाहुणे म्हणून साक्षात पेले. इंटरने पाच-दोनने जिंकलं. मला त्या दोन गोलांचंच कौतुक आहे. इंटर तेव्हा इटलीचा विजेता होता.

2011 मध्ये क्लबाने आपला सगळ्यात मोठा ठेवा विकायला काढला. जुनी कागदपत्रं, हस्तलिखित नियम, ते टोप्यांचं कलमसुद्धा. लंडनला सॉदबीजमध्ये लिलाव झाला आणि 8,81,250 पौंड आले. पैसे हवे होते मैदानासाठी, घरी शेफील्डला परतण्यासाठी. घरातली चांदी मोडून छप्पर घालण्याचा प्रकार, यावर नाकं मुरडणारे तेव्हा होते, आजही असतील. मला विचाराल तर कागद कपाटात असतो आणि चेंडू मैदानात, त्यामुळे विकायचंच असेल तर कपाट विकावं.

भाच्याने हे सगळं नीट ऐकून घेतलं. फोन बाजूला ठेवून ऐकलं, ही त्याच्या परीने मानवंदनाच. मग म्हणाला, “ते सगळं ठीक आहे मामा. पण हे जिंकतात का?”

“अधूनमधून.”