अवग्रहाची दुसरी नोकरी

संस्कृतात 'ऽ' ही खूण एवढंच सांगते, की इथे एक 'अ' होता, तो संधीत गेला. एका परीनं मृत्यूचा दाखलाच. पण भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत बंदिशीच्या शब्दात हीच खूण आली, की अक्षर मरायचं सोडून मात्रेमागून मात्रा लांबत राहतं. निवृत्त कारकुनाला गायनाच्या क्लासात नोकरी लागावी, तसं झालं अवग्रहाचं.

बाकीच्या खुणांचे चेहरेही ओळखीचेच. भातखंडे कोमल स्वराखाली आडवी रेघ देतात, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी. ऋग्वेदाची छापील संहिता उघडावी, तर अनुदात्ताखाली आडवी रेघ आणि स्वरितावर उभी! अर्थ निराळे, पण दोन्ही पानं चुलत भावंडं दिसतात. उदात्ताला मात्र खूणच नाही. वर पोचलेल्याला ओळखपत्र लागत नसावं. पलुस्करांनी तर कोमल स्वराचा सरळ पायच मोडला. बिचारा रिषभ!

तरीही कागदावर सगळं उतरत नाही ते नाहीच. 'चार म्हशींना चारा' यातले दोन्ही 'च' लिहायला एकच, उच्चारायला दोन. मराठी माणूस अडखळत नाही, कारण त्याला ते आधीच ठाऊक असतं. दरबारीचा गंधारही असाच. पुस्तकात 'ग' आणि खाली रेघ. तो किती डोलवायचा, हे गुरूसमोर बसल्यावर कळतं. दोन्ही लिप्या मुळात जाणकारांसाठीच्या आठवणवह्या आहेत, असं माझं मत.

पाणिनीचा कान मात्र अस्सल गवयाचा. ह्रस्व, दीर्घ, प्लुत म्हणजे एक, दोन, तीन मात्रा. आणि टीकाकार सांगतात, की हे माप कोंबड्याच्या आरवण्यातलं. दुरून हाक मारताना वाक्याच्या शेवटी प्लुत करावा, असाही त्याचा नियम आहे. गिरगावच्या चाळीत अष्टाध्यायी कुणी उघडून बसत नसे, पण तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून आधी "मन्या", मग "मन्याऽ", मग "मन्याऽऽऽ" असा सूत्रबरहुकूम विस्तार रोज संध्याकाळी व्हायचा. मन्या यातल्या एकाही हाकेला दाद देत नसे.

चौथ्या वेळी प्लुत नसायचा. "मनोहर." अक्षरं आखूड, आवाज एकदम खाली. भातखंड्यांनी हे लिहिलं असतं, तर अक्षरांखाली नुसती टिंबं दिली असती: मंद्र सप्तक. मन्या डाव अर्धा टाकून जिन्याकडे धावायचा.