चॅनेलवाले दादा

पनवेल तालुक्यात जिथे हळद, तिथे दादा. आमंत्रण कुणाकडून, असं त्यांना सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर ते कॉलरला लावलेल्या माइकवर बोट ठेवतात. "चॅनेल हाय आपलं." हळद, बैलगाडा शर्यत, गावदेवीची जत्रा, उरण नाक्यावरचं ट्रॅफिक, दादांच्या मोबाइलमधून गेल्याशिवाय तालुक्यात काही घडलं असं धरत नाहीत.

अशा या सर्वसंचारी माणसाला शत्रू एकच, कॉपीराइट.

हळदीचा पहिलाच व्हिडिओ चढवला आणि लगोलग मेल आला. मागे डीजेवर वाजणारं गाणं यूट्यूबच्या 'कंटेंट आयडी'ने ओळखलं होतं. ही यंत्रणा २००७ पासून राखणीला बसली आहे. कंपन्यांनी जमा केलेल्या गाण्यांशी ती प्रत्येक व्हिडिओ ताडून बघते, आणि मांडवात जनरेटर धडधडत असतानाही तिला गाणं बरोब्बर ऐकू येतं. भाच्याने समजावलं, की क्लेम आला तर बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे मात्र गाण्याच्या मालकाला. स्ट्राइकमध्ये व्हिडिओच उडतो, आणि ९० दिवसांत असे ३ झाले की चॅनेलही.

"म्हंजे क्लेम ही पावती, आनि स्ट्राइक म्हंजे गाडीच उचलून नेली," दादांना लगेच कळलं.

कळलं नाही ते एवढंच, की पावती फाडणारा बसतो कुठे? तहसील कचेरीत कागद अडला तर कुठल्या टेबलाशी उभं राहायचं, हे दादांना झोपेतही सांगता येतं. इथे टेबलच नाही. "यूट्यूबात आपला मानूस कोन हाय?" असं त्यांनी एका माजी नगरसेवकांना विचारून पाहिलं. ते "बघतो" म्हणाले. ते सगळ्यालाच "बघतो" म्हणतात.

मग दादांनी स्वतःच उपाय सुरू केले. व्हिडिओखाली 'सर्व हक्क मूळ मालकाचे' असं लिहून पुढे जोडलेले हात टाकले. यंत्रणा नमस्काराने विरघळली नाही. मग कुणीतरी सांगितलं, चित्र आरशासारखं उलटं कर. केलं. क्लेम तर आलाच, वर सगळ्या वऱ्हाडणींचे पदर उजव्या खांद्यावर गेले आणि नवऱ्याची आत्या डाव्या हाताने हळद लावताना दिसू लागली. आत्या दोन दिवस कुणाशी बोलली नाही. गणपतीत 'सुखकर्ता' टाकली. समर्थ रामदास सतराव्या शतकातले, तिथे कोण दावा सांगणार? पण आरती समर्थांची असली तरी रेकॉर्डिंग कंपनीचं होतं.

पुढे एक आख्खं आगरी गाणं, कंपनीच्या चित्रीकरणासकट, 'आपल्या प्रेक्षकांसाठी' उचललं, तेव्हा खरा स्ट्राइक बसला. यूट्यूब अशा वेळी कॉपीराइटची एक छोटी शाळा करायला लावतं, शेवटी प्रश्नही विचारतं. शाळा भाच्याने केली, पास दादा झाले.

दादांना कायदाही मिळाला. १९५७चा कॉपीराइट कायदा, कलम ५२. वरातीत आणि लग्नाच्या समारंभात गाणं वाजवलं तर हक्कभंग होत नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये पत्रक काढून तेच पुन्हा बजावलं. दादांनी त्या पत्रकाला लॅमिनेशन करून घेतलं. ओळखीच्या वकिलांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि सांगितलं, की ही सूट मांडवात वाजवायला आहे, मांडव इंटरनेटवर चढवायला नाही. तेव्हापासून पत्रक गाडीच्या डिकीत असतं. दाखवायचं कुणाला, हाच प्रश्न आहे.

आणि मग ते घडलं. उरणकडच्या एका चॅनेलवाल्याने दादांच्या हळदीच्या व्हिडिओतला धवलारणीचा, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी म्हणणारीचा, तुकडा उचलला. डीजेचा आवाज नसलेला तेवढाच भाग. चोराला पारख होती म्हणायची. आता ती धवला गाणारी म्हातारी. तिच्या गाण्यावर कायद्याने तिचाही सादरीकरणाचा हक्क लागतो, ५० वर्षांचा. पण ती ओटी घेऊन केव्हाच घरी गेली होती आणि या प्रकरणात तिला दोघांपैकी एकानेही काही विचारलं नाही. दादांनी फॉर्म उघडला. 'मीच मालक आहे' या चौकोनात खूण करताना त्यांचा अंगठा जराही अडखळला नाही. समोरच्याचा व्हिडिओ उडाला. त्याचा तो तिसरा स्ट्राइक होता.

दोन दिवसांनी तो पोरगा पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभा राहिला. सोबत तेच माजी नगरसेवक. ज्याने तक्रार केली त्याने मागे घेतली की स्ट्राइक उतरतो, हे भाच्याने पोराला आधीच सांगितलं होतं. दादा खुर्चीत मागे रेलले. शेवटी तालुक्यात यूट्यूबचं एक टेबल सापडलं होतं आणि ते त्यांचं होतं.

"माज्या हातात काय नाय रं," दादा पेढा मोडत म्हणाले, "सिस्टीममदी गेलंय."

"दादा, आपलाच पोरगा आहे," नगरसेवक म्हणाले. "बघा जरा."

"बघतो," दादा म्हणाले.